पिएरोगीत भरीत घालावं का?

"भरीत पानात उघडं दिसलं पाहिजे. पारीत कोंबून, वर मुरड घालून खायची ती वस्तू नाही." धुळ्याहून आलेल्या आत्याने ताटलीतली अर्धगोल पिएरोगी चमच्याने उलटवून पाहिली, फाटलेल्या कडेतून डोकावणारा हिरवट गर बघितला आणि निकाल देऊन टाकला. मग स्वतःशीच अहिराणीत म्हणाली, "यामा नवं काय शे?"

भाचा जळगावात काव्यरत्नावली चौकाजवळ एक छोटा गाळा घेऊन खाण्याचं दुकान सुरू करतोय. पुण्यात हॉटेल मॅनेजमेंटचं शिक्षण, मग तिथल्याच एका उपाहारगृहात उमेदवारी आणि आता गावी परत. दुकान उघडण्याआधी घरच्यांना चव द्यावी म्हणून त्याने चार प्रकारच्या पिएरोग्या केल्या होत्या: भरताची, शेवभाजीची, केळं-खव्याची आणि तुरीच्या डाळीची. आत्याने धुळ्यात देवपूर भागात कॉलेजच्या मुलांची खानावळ चालवलेली. मुलगा भाकरी कशी मोडतो यावरून तो कुठल्या तालुक्यातला हे सांगणारी बाई. तिला चव घ्यायला बोलावणं म्हणजे परीक्षेला बसणंच, आणि भाचा ते जाणून होता.

पिएरोगी हा पोलंडचा घरोघरचा पदार्थ. मैदा कोमट पाण्यात मऊ मळायचा, झाकून मुरवायचा, पातळ लाटायचा, पेल्याच्या कडेने गोल चकत्या पाडायच्या, मधे सारण ठेवून अर्धगोल दुमडून कड दाबायची. मग मिठाच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. त्या वर तरंगायला लागल्या की आणखी दोन-तीन मिनिटांत तयार. बरेच जण त्यानंतर लोण्यात परततात, वर लालसर परतलेला कांदा घालतात आणि बाजूला आंबट साय देतात. सारणात उकडलेला बटाटा आणि चक्क्यासारखं ताजं चीज हा सगळ्यांत लोकप्रिय प्रकार. नाताळच्या आदल्या रात्री तिथल्या परंपरेत मांस वर्ज्य असतं, तेव्हा आंबवलेला कोबी आणि जंगलातली सुकवलेली अळंबी आत जाते. उन्हाळ्यात रानबेरी भरून गोड पिएरोगी होते. पोलंडच्या शहरांत साम्यवादी काळापासून चालत आलेली 'दुधाची उपाहारगृहं' आजही स्वस्तात पिएरोगीची ताटली देतात, आणि क्राकूव शहरात ऑगस्टमध्ये पिएरोगीची जत्रा भरते.

भाच्याने हे सगळं उत्साहाने सांगितलं. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग हे आपलं दिंडच की."

ती म्हणाली ते खरंच आहे. नागपंचमीला महाराष्ट्रातल्या अनेक घरांत चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, असा नेम पाळतात. म्हणून त्या दिवशी कणकेच्या पोळीत पुरण ठेवून चौकोनी घडी घालतात आणि ते दिंड वाफवतात. वर साजूक तूप. गव्हाची पारी, आत सारण, वाफ किंवा पाणी एवढंच बघितलं तर वॉर्सा आणि धुळं यांत फार अंतर उरत नाही. शिवाय खानदेशात उकळत्या रश्श्यात बेसनाचे गोळे सोडून डुबुकवडे करतात, आमटीत कणकेची फळं शिजवतात. पाण्यात शिजवलेलं पीठ खाणं इथे कुणालाच परकं नाही.

"मी तेच म्हणतोय, आत्या. आपल्याला हे पचतं. म्हणून तर इथे चालेल."

"चालेल, तर मग दिंड का नाही ठेवत?"

भाच्याला उत्तर सुचायला वेळ लागला. "दिंड म्हटलं तर लोक म्हणतील, घरी मिळतं. कॉलेजची पोरं घरी मिळतं ते खायला पैसे देत नाहीत. मोमो बघ. दहा-पंधरा वर्षांपूर्वी जळगावात किती जणांना ठाऊक होते? आज संध्याकाळी गाड्याभोवती गर्दी असते. तंदुरी मोमो, कुरकुरे मोमो, चीज मोमो, सगळं खपतं. पोरांना नवं नाव लागतं, हातात धरून खाता आलं पाहिजे आणि फोटो निघाला पाहिजे."

"आणि पोट?"

"तेही भरतं."

"मोमो खाऊन माझ्या खानावळीत जेवायला बसणारी पोरं मी बघितलीत, बापू."

मोमोंचा दाखला भाच्याच्या बाजूने जातो आणि आत्याच्याही. १९५९ नंतर तिबेटी निर्वासित भारतात आले, डोंगरी शहरांत वसले आणि त्यांच्यासोबत मोमो देशभर पसरले. निर्वासितांनी पोटापाण्यासाठी विकलेला पदार्थ दिल्लीने तंदुरात घातला, गाडीवाल्यांनी मक्याच्या पोह्यांत घोळवून तळला आणि तो इथवर पोचला. पदार्थ प्रवास करतात आणि वाटेत बदलतात, हे भाच्याचं म्हणणं त्यातून सिद्ध होतं. पण आत्याचा आक्षेप वेगळा होता. मोमोच्या आतलं सारण आज कुणाच्या लक्षात राहतं का? लाल चटणी आणि मेयोनीज लक्षात राहतं. खानदेशाने आपलं भरीत त्या रांगेत उभं करायचं, तर त्याचीही गत तीच होणार, ही तिची भीती. ती भीती निराधार नाही.

भाच्याने मग पोलंडशी असलेलं नातं पुढे केलं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत छावण्यांतून सुटून इराणमार्गे आलेल्या सुमारे पाच हजार पोलिश लोकांना १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे आसरा मिळाला होता. बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. वॉर्सात आज कोल्हापूरच्या नावाने स्मारक उभं आहे. पंतप्रधान नरेंद्र मोदी ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे जाऊन आले आणि लगेच २५ ऑगस्टला जळगावच्या लखपती दीदी मेळाव्यात त्यांनी भाषणात पोलंडचा आणि कोल्हापूरच्या त्या ऋणानुबंधाचा उल्लेख केला. भाचा म्हणाला, "इथे जळगावातच हे बोललं गेलं. पिएरोगी महाराष्ट्रात आली तर ती उपरी कशी?"

"ते पुण्य कोल्हापूरचं. त्यांनी निराधारांना घर दिलं. तू दुकान काढतोयस. त्या गोष्टीला मेनूकार्डावर आणू नकोस."

इथे आत्या पूर्ण बरोबर आहे. निर्वासितांच्या कहाणीने चटणी विकू नये. वळिवड्याची हकिगत जळगावच्या प्रत्येक शाळेत सांगावी, पण ताटलीतली वस्तू चवीवरच उभी राहिली पाहिजे.

मग चवीकडे वळणं भागच होतं. शेवभाजीची पिएरोगी सगळ्यांत आधी बाद झाली, आणि तीही भाच्याच्याच तोंडून. धुळ्यात मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. त्या रस्त्यांवरच्या ढाब्यांनी शेवभाजी नावारूपाला आणली. तिची गंमत वेळेत आहे: काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा ताटात आला की वर जाड तिखट शेव पडते आणि ती मऊ व्हायच्या आत भाकरी बुडवून खायची. पारीत कोंडून पाच मिनिटं उकळल्यावर शेवेचा लगदा झाला, रस्सा आटला, मसाला कडवट लागला. आत्याने एक घास घेऊन ताटली बाजूला सारली. भाच्याने मेनूच्या कागदावर त्या ओळीवर काट मारली. केळं-खव्याचीही तीच गत. पिकलं केळं उष्णतेने पातळ होऊन खव्यात मिसळलं आणि चव कुठलीच राहिली नाही. जळगाव जिल्हा केळ्यांचा आहे एवढ्या कारणाने केळं सगळ्यात घालता येत नाही.

भरताचं मात्र प्रकरण सोपं नव्हतं, कारण भरताची पिएरोगी खाताना आत्या थांबली होती. फाटलेली होती, तरी तिने दुसरा घास घेतला.

"फाटली का, सांगू?" ती म्हणाली. "तू भरीत तेलात परतून मग भरलंस. कडेला तेल लागलं की पीठ पिठाला चिकटत नाही. करंजीचं सारण कडेला लागलं तर करंजी तेलात उकलते, तसंच हे. शिवाय वांग्याला पाणी सुटतं."

भाचा गप्प झाला. पुण्याच्या शाळेत कडेला पाण्याचं बोट फिरवायला शिकवलं होतं. तेलकट कडेवर पाणीही टिकत नाही, हे आत्याच्या बोटांना ठाऊक होतं. तिने पदर खोचला. आधीच भाजून ठेवलेला गर तिने पातळ फडक्यात बांधला आणि नळाला टांगला. खाली वाटीत हिरवट पाणी थेंब थेंब जमलं, बघता बघता अर्धी वाटी. मग त्या कोरड्या गरात फक्त ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, मीठ आणि बारीक चिरलेली कांद्याची पात. तेल अजिबात नाही. चकतीच्या मधोमध लिंबाएवढा गोळा, कड कोरडी, अर्धगोल दुमडून अंगठ्याने दाबली आणि मग करंजीसारखी मुरड. तेल वेगळं कढईत: शेंगदाणे, लसणाचे तुकडे, मिरच्या चांगल्या तडतडू दिल्या. पिएरोगी पाण्यातून निथळून ताटलीत आली की ती फोडणी वरून. लोण्यातल्या कांद्याची जागा शेंगदाण्या-लसणाच्या तेलाने घेतली. या वेळी एकही फुटली नाही.

खानदेशी भरताची चव तेलावर आणि भाजण्यावर उभी असते. वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात, साल काढून लाकडी बडगीत ठेचतात. भाच्याने गॅसवर भाजली होती. तो धूर त्यात नव्हता आणि तो कुठल्याही मसाल्याने येत नाही. आत्याने ते बोलून दाखवलं. भाच्याने शेतातून काड्या आणायचं कबूल केलं, पण गाळ्याच्या मागच्या बोळात जाळ करू देतील का, हा प्रश्न त्यालाही पडलाच.

आणि मग दोघांचा खरा वाद सुरू झाला. तो हंगामाचा.

भरताची वांगी म्हणजे मोठी, फिक्या हिरव्या रंगाची, पांढरट रेघांची, कमी बियांची. आसोदे, भादली, बामणोद ही गावं त्यासाठी नावाजलेली. 'जळगाव भरीत वांगी' या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळ्यालाही त्याच वर्षी. ती खरी लागतात थंडीत. अनेक घरांत चातुर्मासात वांगं-कांदा वर्ज्य असतं आणि मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच वांगं सुरू होतं. त्यानंतर शेताशेतात भरताच्या पार्ट्या रंगतात.

"मी गर गोठवून ठेवणार," भाचा म्हणाला. "हिवाळ्यात भाजायचा, डबे भरायचे, वर्षभर वापरायचा. भाडं बारा महिन्यांचं असतं, आत्या. वांगं चार महिन्यांचं."

"मे महिन्यात भरीत मागणारा माणूस खानदेशी नाही."

"मे महिन्यात गावी येणारे बरेच जण पुण्या-मुंबईत राहतात. त्यांना तेव्हाच खायचं असतं. त्यांनी काय करायचं?"

"त्यांनी आखाजीला आले तर सांजोरी खावी. आंबा खावा. वांग्याची वाट बघावी."

हे ऐकताना आत्या हटवादी वाटेल, पण भाच्याने सकाळी सांगितलेली माहितीच तिच्या बाजूने उभी राहते. पोलंडमध्ये अळंबी-कोबीची पिएरोगी नाताळची आणि बेरीची पिएरोगी उन्हाळ्याची. आज गोठवलेली पिएरोगी तिथे कुठल्याही दुकानात बाराही महिने मिळते, तरी सणाची ती सणालाच घरी करतात. पोलंडकडून काही उचलायचंच असेल तर ही शिस्त उचलावी. अर्धगोल आकार आपल्याकडे करंजीत कधीचाच आहे.

भाच्याकडेही एक जोरदार मुद्दा होता. पोलिश भाषेतलं, आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं छापील पाकशास्त्राचं पुस्तक १६८२ सालचं, स्तानिस्लाव चेर्निएत्स्की यांचं. त्यात पिएरोगी आहे, पण बटाट्याची नाही, कारण बटाटा तेव्हा तिथल्या स्वयंपाकघरात रुळलेलाच नव्हता. आज जी पिएरोगी पोलिश म्हणून जगभर मिरवते, तिच्यातला मुख्य जिन्नस नंतर आलेला. पोलिश आणि युक्रेनी स्थलांतरितांनी ती अमेरिका-कॅनडात नेली. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात ग्लेंडन नावाच्या छोट्या गावाने १९९१ साली तिचा महाकाय पुतळाच उभारला. "त्या वेळी कुणी म्हणालं असतं, बटाटा घालू नका, तर ही पिएरोगी झालीच नसती," भाचा म्हणाला. "वांगं घालणारा मी पहिला असेन, एवढंच."

"घाल ना. मी नको म्हणतच नाही आता. थंडीत घाल."

म्हणजे आत्याचं पहिलं वाक्य तिने स्वतःच मागे घेतलं होतं. भरीत उघडं दिसलं पाहिजे, या म्हणण्यापासून भरीत त्याच्या दिवसांत आणि त्याच्या पद्धतीने केलेलं असावं, इथवर ती आली. भाचाही नवं ते सगळं खपवायचंच, इथपासून शेवभाजीवर काट मारण्यापर्यंत आला होता. भाड्याचा प्रश्न मात्र तसाच होता आणि तो आत्याच्या तत्त्वाने सुटणारा नव्हता.

तो सुटला चौथ्या ताटलीने, जिच्याकडे तोवर कुणी नीट बघितलंही नव्हतं.

तुरीच्या डाळीची पिएरोगी भाच्याने भीत भीतच केली होती. डाळ भिजवून, जाडसर वाटून, त्यात लसूण, हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर. हे फुनक्याचं मिश्रण. खानदेशात मुठीने त्याचे लांबट गोळे वळून वाफवतात, गरम कढीत कुस्करतात, वर कच्चं तेल घेतात. भाच्याने ते आधी वाफवून, मोकळं करून पारीत भरलं होतं. सारण कोरडं, कड स्वच्छ, म्हणून एकही फुटली नव्हती. त्याला ठाऊक होतं की पूर्व पोलंडमध्ये मसुराची पिएरोगी करतात. तिथूनच ही कल्पना आली. आंबट सायीऐवजी त्याने ताकाची कढी केली होती, लसणाच्या फोडणीची.

आत्याने कढी पिएरोगीवर ओतली, चमच्याने फोडली, खाल्ली. मग दुसरी घेतली. तिसरी घेताना म्हणाली, "कढीत अजून थोडं आलं घाल. आणि मैदा सगळाच नको, अर्धी कणीक घे."

भाच्याने ज्वारीचं पीठ सुचवून पाहिलं. दादर ज्वारीच्या भाकरीचा भाग आहे हा, नाव झालं असतं. आत्याने मान हलवली. ज्वारीच्या पिठाला गव्हाचा चिवटपणा नसतो. उकड काढून लाटता येईल, पण उकळत्या पाण्यात ते तडकून सुटणार. पाहिजे तर तसली वाफवायची, पाण्यात सोडायची नाही. हे दोघांनी पुढच्या खेपेसाठी ठेवलं.

तूर बारा महिने मिळते. जळगाव तर डाळ मिलांचं गाव, डाळीचा तुटवडा इथे कसला? फुनक्याला हंगामाचं बंधन नाही, भाजायला काड्या लागत नाहीत. आणि मुख्य म्हणजे खाणाऱ्याला आत काय आहे ते पहिल्या घासात कळतं. वरची चटणी त्याला झाकून टाकत नाही. नव्या रूपात घरचा पदार्थ नेण्याचा याहून चांगला नमुना त्या दिवशीच्या ताटल्यांत दुसरा नव्हता.

दोघांचं सगळ्यावर जमलं, असं नाही. दुकानात मोमोही ठेवावेत, गिऱ्हाईक दारात येण्यासाठी ते लागतात, यावर भाचा ठाम आहे. आत्याच्या मते मोमो ठेवले की पिएरोगी कुणी मागणारच नाही. ताटलीत सहा द्याव्यात की आठ, यावरही ती निघेपर्यंत बोलणं चालूच होतं. खानावळवालीला पोट भरल्याशिवाय माणूस उठवणं जमत नाही, आणि उपाहारगृहवाल्याला हिशेब बघावा लागतो. यात चूक कुणाचीच नाही.

पण मेनूचा कागद बदलला. तुरीच्या डाळीची पिएरोगी कढीसोबत, वर्षभर. भरताची चंपाषष्ठीपासून वांग्याचा भर ओसरेपर्यंत, आणि वांगं कुठल्या गावचं ते फळ्यावर लिहायचं. श्रावणात पुरणाचं दिंड, त्याच नावाने, तुपासकट. ही शेवटची ओळ भाच्याने स्वतःहून लिहिली. आत्याने ती वाचली आणि फक्त म्हणाली, "तूप घरचं घे."

जळगाव-धुळ्यात नवी दुकानं उघडणाऱ्या मुलामुलींनी हे करून बघावं. पिएरोगी जरूर ठेवा, मोमोही ठेवा, पण फुनके आणि दिंड यांना कार्डावर स्वतःच्या नावाची एक ओळ द्या. आणि खाणाऱ्यांनी ती ओळ दिसली तर एकदा मागवा. मागणी नसेल तर कुठलाही दुकानदार ती फार दिवस ठेवणार नाही.